रत्नागिरीतील पाइपलाइनचा गॅस: ज्योतीच्या कसोटीवर

रत्नागिरीत आमच्या घरी पाइपलाइनचा गॅस आल्यापासून सोयीबद्दल तक्रारीला जागा उरलेली नाही. भर पावसात घाट बंद पडला तरी सिलिंडरची वाट पाहावी लागत नाही आणि बिल मीटरप्रमाणे येते. या सेवेचे मोल मात्र मी तिच्या ज्योतीवरून करतो, कारण या नळीतून येणारा वायू मुख्यत्वे मिथेन आहे आणि तो कसा जळतो, हा प्रश्न शेगडीइतकाच मिथेनवर चालणाऱ्या आजच्या अग्निबाणांच्या इंजिनांनाही पडलेला आहे.

एक घनमीटर मिथेन जळताना सुमारे ३६ मेगाज्यूल उष्णता देतो, तर सिलिंडरमधला प्रोपेन-ब्युटेन तेवढ्याच आकारमानात अडीच ते तीनपट देतो. म्हणून शेगडीचे जेट, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक तोट्या, बदलून मोठ्या छिद्राचे बसवावे लागतात, आणि कंपनीच्या माणसाने ते चोख बसवले. हवेची झडप मात्र त्याने तशीच सोडली. परिणामी मोठ्या आचेवर ज्योत बर्नरपासून सुटून वर उचलली जात होती आणि घावणे कडेने कच्चे राहत होते. मिथेनची ज्योत हवेत सेकंदाला साधारण ४० सेंटीमीटर वेगाने सरकते, प्रोपेनपेक्षा किंचित सावकाश. हवा गरजेपेक्षा जास्त मिसळली की हा वेग आणखी घटतो आणि वायूचा झोत ज्योतीला पुढे ढकलतो. तक्रार केल्यावर झडप जुळवून मिळाली. हे काम पहिल्याच भेटीत व्हायला हवे होते.

मिथेनचा हा हट्टी स्वभाव त्याच्या रेणूतच आहे. त्यात कार्बन-कार्बन बंध नाही, सगळे बंध कार्बन-हायड्रोजनचे आणि मजबूत. त्यामुळे ठिणगीवाचून पेट घ्यायला त्याला ५०० अंश सेल्सिअसहून बरेच अधिक तापमान लागते. याच कारणाने तो सहजासहजी विघटित होऊन काजळी धरत नाही, आणि अग्निबाणाच्या पुन्हा पुन्हा वापरायच्या इंजिनाला हा गुण फार मोलाचा आहे, कारण इंधन म्हणून केरोसीन वापरले तर ते तापल्यावर इंजिन थंड करणाऱ्या बारीक वाहिन्यांत कार्बनचे थर साचू लागतात. शिवाय द्रवरूप मिथेन उणे १६२ अंशांवर आणि द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर उकळतो, म्हणजे दोन्ही टाक्या शेजारी ठेवणे सोपे जाते. पूर्ण ज्वलनाला वजनाने मिथेनच्या चौपट ऑक्सिजन लागतो. स्पेसएक्स कंपनीच्या रॅप्टर इंजिनात मात्र हे प्रमाण ३.६ च्या आसपास असते, कारण इंधन थोडे जास्त ठेवल्याने बाहेर पडणारे वायू हलके राहून वेगाने सुटतात. चीनच्या झुचे-२ ने १२ जुलै २०२३ रोजी कक्षा गाठली. तिथवर पोहोचलेला तो मिथेनवरचा पहिला अग्निबाण.

मग आपल्या नळीतला वायू इंजिनात का चालत नाही? दाभोळच्या टर्मिनलवर द्रवरूपात उतरणाऱ्या वायूला वास नसतो. गळती कळावी म्हणून शहरात देताना त्यात गंधकयुक्त मर्कॅप्टन मिसळतात. घराचे रक्षण करणारे हेच गंधक इंजिनातल्या तांब्याच्या मिश्रधातूला खाते. इथेन आणि प्रोपेनचे प्रमाणही वायूच्या विहिरीगणिक बदलते. शेगडीला त्याने फारसा फरक पडत नाही, पण इंजिनात घनता बदलली की ऑक्सिजनशी जुळवलेले प्रमाण ढळते. ब्लू ओरिजिन कंपनीचे अग्निबाणाचे बीई-४ इंजिन द्रवरूप नैसर्गिक वायूवरच चालते, मात्र तो अशुद्धी काढलेला असतो.

सुरक्षेच्या दृष्टीनेही ही सेवा मला उजवी वाटते. सिलिंडरचा गॅस हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो. मिथेन हलका असल्याने वर जातो. कौलारू घरात तो फटींतून निघून जाईल, पण स्लॅबच्या स्वयंपाकघरात छताजवळ झरोका नसेल तर जोडणी घेण्याआधी तो करून घ्यावा. जोडणी जरूर घ्यावी, आणि कंपनीचा माणूस निघण्यापूर्वी प्रत्येक बर्नर मोठ्या आचेवर पेटवून ज्योत निळी आणि बर्नरला धरून आहे ना, हे त्याच्यासमोरच पाहून घ्यावे.