हिरड्यांचं डीप क्लीनिंग: एकाच घरातले दोन पेशंट, दोन वेगळी प्रिस्क्रिप्शनं (कॉलेज रोड, नाशिक)

पाच स्टार देतेय, आणि ते मुख्यतः एका गोष्टीसाठी. इथल्या डेंटिस्ट मॅडमनी माझ्या भावाला अँटिबायोटिक दिलं, आईला दिलं नाही, आणि दोन्ही वेळा कारण नीट समजावून सांगितलं.

भाऊ 28 वर्षांचा. पेरू खाल्ला की फोडीला रक्त लागायचं, आणि वरच्या पुढच्या दोन दातांत नव्यानेच फट पडायला लागली होती. गावाकडच्या दवाखान्यात हिरडी सुजली की ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोल या अँटिबायोटिकची स्ट्रिप मिळायची. सूज उतरायची, थोड्या दिवसांनी पुन्हा यायची. नंतर नंतर तो मेडिकलमधून आपला आपणच आणायला लागला. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणून स्ट्रिपवर लाल रेघ असते, तिच्याकडे कोण बघतंय? दातांच्या मुळांना मात्र इतक्या दिवसांत कुणी हात लावला नव्हता.

इथे आधी मोजमाप झालं. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट टोकाची बारीक सळई मॅडम प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीच्या आत सरकवत होत्या आणि आकडे सांगत होत्या, असिस्टंट लिहून घेत होती. तीनपर्यंत ठीक, त्यापुढे पॉकेट, म्हणजे हिरडी दातापासून सुटून पडलेली खोल फट. भावाच्या दाढांना सात आणि आठ आले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. एक्स-रेत हाड कुठे असायला हवं आणि आता कुठे आहे, ते पेनाने दाखवलं. निदान पेरिओडॉन्टायटिस, म्हणजे दाताभोवतीचं हाड झिजवणारा हिरड्यांचा आजार, स्टेज तीन, ग्रेड सी. म्हणजे आजार बराच पुढे गेलेला आणि या वयाच्या मानाने हाड फार झपाट्याने गेलेलं.

गोळ्यांनी सूज उतरायची तरी आजार का जात नव्हता, याचं उत्तर मला इथे पहिल्यांदा मिळालं. मुळांवर जंतूंचा चिकट थर बसतो आणि त्या थराच्या आत औषध पुरेसं पोचतच नाही. पाण्याच्या टाकीला धरलेलं शेवाळ नुसती पावडर टाकून जात नाही, आत उतरून घासावंच लागतं, तसंच हे. म्हणून आधी भूल देऊन मुळं साफ करायची आणि थर मोडला की त्याच वेळी औषध. भावाचं सगळं तोंड लागोपाठ दोन दिवसांत साफ केलं आणि अमॉक्सिसिलिन 500 व मेट्रोनिडाझोल 400, दिवसातून तीनदा, सात दिवस असा कोर्स दिला. त्याआधी पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का ते विचारलं. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि संपल्यावरही तीन दिवस दारूचा थेंब नको, हे दोनदा बजावलं. तोंडाला धातूसारखी चव येत होती, पोटही जरा बिघडलं, पण ते होऊ शकतं हे आधीच सांगितलेलं असल्यामुळे त्याने कोर्स अर्धवट सोडला नाही.

आईचं वेगळं. वय 61, मधुमेह, एचबीए1सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) 8.4, आणि लग्नाआधीपासूनची मिसरी. पॉकेट पाच-सहाचे. तिने आपणहून विचारलं, "अहो मॅडम, त्याला दिल्या तशा मलाही गोळ्या लिहून द्या की." मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला त्याची गरज नाही. मला मुळं साफ करू द्या, तुम्ही मिसरी सोडा आणि साखर खाली आणा." मग बाहेर मला थांबवून सांगितलं की चांगल्या सफाईवर अँटिबायोटिकने जो जास्तीचा फायदा होतो, तो सरासरी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्यासाठी सरसकट सगळ्यांना ते दिलं, तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. घरी येऊन मी वाचलं. युरोपातल्या हिरड्यांच्या तज्ज्ञांची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात: सरसकट नको. तोंडभर पसरलेला स्टेज तीनचा आजार असलेल्या तरुणांसारख्या ठरावीक पेशंटसाठी विचार करता येईल. आमच्या घरातले दोघे बरोबर त्या रेघेच्या दोन बाजूंना होते.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं. भावाचे बहुतेक पॉकेट चारच्या आत आलेत, रक्त थांबलंय, फक्त दोन दाढांना अजून सहा आहे. तिथे छोटी सर्जरी लागेल असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा गोळ्या दिल्या नाहीत. आईचे पॉकेट गोळ्यांशिवाय भरून आले. एचबीए1सी 7.9 झालं. हिरड्या बऱ्या झाल्या की साखरही थोडी उतरते असं मॅडम म्हणाल्या होत्या, पण आईच्या डॉक्टरांनी मधल्या काळात गोळी वाढवली होती, त्यामुळे सगळं श्रेय इथलं असं मी म्हणणार नाही. मिसरी आता फक्त सकाळी लावते. ती पूर्ण सुटावी म्हणून मॅडम दर भेटीला तिच्याशी बसून बोलतात, ओरडत नाहीत. याचं मला फार मोल वाटतं.

तक्रारी दोन. सूज उतरल्यावर हिरडी आक्रसते, दात लांब दिसतात आणि मधे काळ्या फटी पडतात, थंड पाणीही झोंबतं. हे आधी सांगायला हवं होतं, भाऊ आरशात बघून घाबरला. आणि क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्यांनी दातांवर तपकिरी डाग पडले, चहा पिणाऱ्या आईला जास्त. ते नंतर पॉलिश करून दिले, वेगळे पैसे घेतले नाहीत. दातांच्या फटीतला छोटा ब्रश कसा फिरवायचा ते मात्र आरसा हातात देऊन, जमेपर्यंत करून घेतलं.

खर्च तोंडाच्या चार भागांपैकी एका भागाला दोन हजार. औषधं त्यामानाने किरकोळ. जाताना चालू गोळ्यांची यादी न्या. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर आधीच सांगा, मेट्रोनिडाझोलमुळे तिचा असर वाढतो. शनिवारी गर्दी असते, मधल्या वारी सकाळची वेळ घ्या.