डायलिसिसवर असताना शुगर कशाने मोजायची: एचबीए१सी, ग्लायकेटेड अल्ब्युमिन की सेन्सर?

किडनी निकामी झालेल्या मधुमेही रुग्णाचा एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ६.२ आला की घरात सगळ्यांना हायसं वाटतं. ६.२ म्हणजे सरासरी शुगर साधारण १३१. पण त्याच रुग्णाच्या ग्लुकोमीटरमध्ये महिनाभर १७० ते २१० असे आकडे दिसत असतील, तर आधी संशय एचबीए१सीवर घ्यावा.

ही तपासणी तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते, आणि पेशी सुमारे १२० दिवस जगते असं धरून चालते. किडनी गेल्यावर पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला पुरेसे दिवसच मिळत नाहीत. त्यात एरिथ्रोपोएटिनची (तांबड्या पेशी वाढवणारी) इंजेक्शनं, शिरेतून लोह किंवा रक्त दिलं की कोऱ्या पेशींची भर पडते आणि आकडा आणखी खाली येतो. लोहाची कमतरता असेल तर उलट होतं, आकडा खोटा वाढतो. म्हणून रिपोर्टच्या कागदावरच त्या दिवशीचं हिमोग्लोबिन आणि इंजेक्शनचा डोस कधी बदलला ते लिहून ठेवा. रक्त चढवल्यानंतर दोन-तीन महिने एचबीए१सीवरून औषध बदलू नये.

ग्लायकेटेड अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनापैकी साखर चिकटलेला भाग, मागच्या दोन-तीन आठवड्यांची शुगर सांगतं आणि तांबड्या पेशींशी त्याचा संबंध नाही. हिमोडायलिसिसवरच्या (यंत्रातून रक्त शुद्ध करून घेणाऱ्या) रुग्णासाठी आमचा कल याच्याकडे आहे. जपानमधल्या डायलिसिस तज्ज्ञांच्या सूचनांत २० टक्क्यांखाली, आणि हृदयविकार होऊन गेलेल्या व शुगर खाली जाणाऱ्या रुग्णांसाठी २४ टक्क्यांखाली, असं लक्ष्य आहे. हा आकडा एचबीए१सीच्या साधारण तिप्पट असतो, त्यामुळे २१ बघून घाबरू नका. याचीही दुखरी जागा आहे: लघवीतून खूप प्रथिनं जात असतील किंवा पोटाचा डायलिसिस चालू असेल, तर शरीरातलं अल्ब्युमिन लवकर बदलतं आणि आकडा खोटा कमी येतो. सोबत सीरम अल्ब्युमिन तपासलेलं नसेल तर हा रिपोर्ट अर्धाच. फ्रुक्टोसामिन (रक्तातल्या सगळ्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी तपासणी) मध्ये हाच दोष जास्त, त्यामुळे दोन्हींत निवड असेल तर ग्लायकेटेड अल्ब्युमिनच तपासून घ्या.

ग्लुकोमीटर आणि दंडावर लावलेला, दिवसरात्र शुगर नोंदवणारा सेन्सर थेट साखर मोजतात, पेशी किंवा प्रथिनं किती दिवस टिकतात याच्या भानगडीत पडत नाहीत. पण पोटाच्या डायलिसिसच्या पिशवीत आयकोडेक्स्ट्रिन (द्रावणात ग्लुकोजऐवजी वापरलेला पिष्टमय पदार्थ) असेल, तर जीडीएच-पीक्यूक्यू प्रकारच्या पट्ट्या त्यातून तयार होणाऱ्या माल्टोज या वेगळ्या साखरेलाच ग्लुकोज समजतात. शुगर प्रत्यक्षात ६० असताना मीटर २०० दाखवू शकतं, आणि त्यावर इन्सुलिन टोचलं तर जीवावर बेतू शकतं. पट्टीच्या डबीवरचा प्रकार वाचल्याशिवाय ती वापरू नका.

ईजीएफआर (किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा) ३०च्या वर आणि हिमोग्लोबिन स्थिर असेल, तर नेहमीचा एचबीए१सी चालेल. त्याखाली, विशेषतः डायलिसिसवर, इन्सुलिन घेणाऱ्यांनी जमल्यास सेन्सरच लावावा. निकामी किडनी इन्सुलिन लवकर काढून टाकत नाही आणि गरजेला साखरही तयार करत नाही, त्यामुळे शुगर रात्री झोपेत खाली जाऊ शकते. असे खड्डे कुठल्याही सरासरीत दिसत नाहीत. सेन्सर परवडत नसेल तर दर महिन्याला ग्लायकेटेड अल्ब्युमिन, आणि आठवड्यातून दोनदा, एकदा डायलिसिसच्या रात्री आणि एकदा मधल्या दिवशी, पहाटे तीनला बोट टोचून शुगर बघा. ७०च्या खाली एकदा जरी आली, तरी पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.