जुना फायरवॉल "सीलबंद नवीन" म्हणून गळ्यात मारतायत, सांभाळा

भोसरीत मेव्हण्यांचं मशीनिंगचं युनिट आहे, तिथलं कॉम्प्युटरचं मीच बघतो. मोठ्या कस्टमरने ऑडिटमध्ये विचारलं फायरवॉल (इंटरनेट आणि आतल्या नेटवर्कच्या मध्ये बसणारा सुरक्षेचा डबा) आहे का, आणि ही बातमी बाहेर कशी जाते देव जाणे, लगेच एका डीलरचा फोन. म्हणे साहेब, सर्ट-इनचा (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा) नियम आलाय, १८० दिवसांचे लॉग (नेटवर्कवरच्या हालचालींच्या नोंदी) ठेवायचे, काही झालं तर ६ तासांत कळवायचं, नाहीतर जेल. नियम खरा आहे, एप्रिल २०२२ चा, पण त्यासाठी याच्याचकडनं डबा घ्या असं त्यात कुठं लिहिलंय? रेट मात्र बाकीच्यांच्या जवळजवळ निम्मा, वर ३ वर्षांचं लायसन्स. मी गावी गेलेलो, मेव्हण्यांनी आरटीजीएस करून टाकलं.

डबा आला, सील एकदम नवं. आत फॅनच्या जाळीत धुळीचा थर आणि रॅकला लावायच्या पट्ट्यांवर स्क्रूचे ओरखडे. आतली सेटिंग बघायला कन्सोल केबल लावली तर होस्टनेममध्ये, म्हणजे डब्याला आत दिलेल्या नावात, बंगळुरूच्या कुठल्यातरी ब्रँचचं नाव!! सीरियल नंबर खोक्यावर एक, स्क्रीनवर दुसराच. कंपनीच्या सपोर्टला स्क्रीनवरचा दिला तर म्हणे हा दुसऱ्याच्या नावावर रजिस्टर आहे, लायसन्स कधीच संपलंय.

आता कोणी म्हणेल, नेट चालतंय ना मग झालं की. नेट चालतं हो, पण लायसन्स नसलं की नवीन सिग्नेचर (नवे हल्ले ओळखायच्या खुणा) उतरत नाहीत, फर्मवेअरचे (डब्यातल्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट अडकतात, आणि इंटरनेटच्या तोंडावर बसलेल्या डब्यातलंच भोक उघडं राहतं.

हे फक्त आपल्याकडंच चालतं असंही नाही. २०२० मध्ये एफ-सिक्युअर या सायबर सुरक्षा कंपनीने सिस्को कॅटॅलिस्ट २९६०-एक्सचे बनावट स्विच (नेटवर्कमधले कॉम्प्युटर जोडणारे डबे) उघडून तपासले, ते सापडले कसे तर सॉफ्टवेअर अपग्रेडनंतर बंद पडले म्हणून. फ्लोरिडातल्या एकाने असलाच बनावट सिस्को माल ॲमेझॉन, ईबेवर विकला, तो पार अमेरिकन लष्करापर्यंत गेला, २०२४ मध्ये त्याला साडेसहा वर्षांची शिक्षा लागली.

आमच्या डीलरने १८ टक्के जीएसटी लावून बिल दिलं पण त्यावर सीरियल नंबरच नाही, आणि पठ्ठ्याने रिटर्न न भरल्यामुळे जीएसटीआर-२बीत (पोर्टलवरच्या आपल्या खरेदीच्या यादीत) बिल दिसेना, म्हणजे इनपुट क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) बोंबललं. तेव्हा पैसे सोडायच्या आधी सीरियल नंबर मागा, तो कुणाच्या नावावर आहे ते कंपनीलाच विचारा, बिलावर लिहून घ्या, डीलरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा. लायसन्स आपल्याच ईमेलवर रजिस्टर करायचं, "आमच्या अकाउंटवर टाकतो, सोपं पडतं" असं म्हणाला की तिथंच थांबा.

पोलीस म्हणाले हा व्यवहाराचा वाद आहे. ग्राहक आयोगात जावं तर वकील म्हणतात धंद्यासाठी घेतलेली वस्तू सहसा त्या कायद्यात बसत नाही, त्यामुळे आता दिवाणी कोर्टाची नोटीस धाडलीय. डीलर फोन उचलत नाही, व्हॉट्सॲप स्टेटसला मात्र ऑफर चालूच आहेत, आमच्या शेजारच्या शेडवाल्यालाही कोटेशन आलंय.