मिरजेत जोडून आणलेला आत्याचा तानपुरा: वर्षभराच्या रियाजानंतर

घरातला एखादा जुना तानपुरा फुटून कोपऱ्यात पडला असेल, तर भोपळा बदलायची घाई करू नका. आमचा जोडून घेतला, त्याला आता वर्ष होत आलं आणि रोजच्या रियाजाला तोच आहे.

तानपुरा आत्याचा, मिरजेचाच, तुनाच्या लाकडाचा. ती गेल्यावर पुण्याला आणताना टेम्पोवाल्यांनी त्याच्यावर सामान रचलं. भोपळ्याला गळ्यापासून खालपर्यंत चीर, मागचा तळहाताएवढा तुकडा निखळलेला, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी सुटलेली. दांडी आणि तबली (भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी) तेवढी शाबूत. इथे एका दुकानात सरळ "नवाच घ्या" म्हणाले. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मात्र एका कारागीर चाचांनी भोपळा सगळीकडून बोटांनी वाजवून पाहिला, चिरेच्या कडा नखाने खरवडल्या आणि म्हणाले, "कवचीला कीड नाही, जोडता येतंय. नवा भोपळा घालून कशाला देऊ?"

हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. प्रत्येकाची जाडी आणि गोलाई वेगळी, म्हणून भोपळा बदलला की आवाजही बदलतो. चाचांनी तबली उतरवली, चीर सरसाने बसवली, आतून कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि सगळं पूर्ण वाळल्यावरच तबली परत चढवली. पॉलिश फक्त जोडापुरतं. आत्याचा हात टेकायचा तिथली झिजलेली जागा मी मुद्दाम तशीच ठेवायला सांगितली.

आल्या आल्या आवाज जरा बसका होता. तबली पुन्हा चढवली की ती बसायला वेळ घेते, आणि तोवर जवारी (तारेला झंकार यावा म्हणून घोडीचा माथा घासून दिलेला उतार) पक्की लागत नाही. हे मला चाचांनी आधीच सांगितलं होतं. पावसाळ्यात खुंट्या फुगून घट्ट झाल्या, सूर मिळवताना मनगट दुखायचं. नंतर हवा कोरडी झाली तशा त्या सरकायला लागल्या, तेव्हा खडू लावला. जोडाला मात्र या सगळ्यात कुठेही केसभर फट पडली नाही. दिवाळीनंतर मिरजेचे कारागीर पुण्यात आले होते, त्यांच्याकडून जवारी पुन्हा काढून घेतली. कानशीने घोडीवरून हलके हात, मग तारेखालचं सूत मागेपुढे सरकवून ऐकायचं, पुन्हा थोडं घासायचं. मधेच खर्ज (सगळ्यात खालच्या 'सा'ची जाड तार) एकदम उघडला आणि त्यातून गंधार, म्हणजे 'ग' स्वर, स्वच्छ ऐकू यायला लागला. आत्या मला तो गंधार ऐकायला लावायची, तेव्हा काही केल्या ऐकू यायचा नाही.

उणं सांगायचं तर जोडाची रेघ उजेडात दिसते आणि खर्जाची आस, म्हणजे छेडल्यावर सूर टिकून राहणं, पूर्वीपेक्षा किंचित आखूड वाटते. खर्च नव्या तानपुऱ्याच्या निम्म्याहून बराच कमी आला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहेच. पण नव्या वाद्यांइतकीच या दुरुस्तीच्या कामालाही गिऱ्हाइकं मिळायला हवीत. हे कसब हातात असलेली माणसं अजून तिथे बसलेली आहेत.

वाद्य न्यायचं असेल तर स्वतः न्या. तारा सैल करा, घोडीखाली मऊ कापड घाला, निखळलेला प्रत्येक तुकडा, अगदी चुरासुद्धा, पिशवीत घालून सोबत ठेवा. आणि दुरुस्तीनंतर काही महिन्यांनी जवारी पुन्हा काढावी लागेल, ते पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.