कविता, कथा की सदर? आधी दिवस कसा जातो ते बघा

“लिहायचंय, पण नेमकं काय?” असं विचारणारं पोर आमच्या चोपडा गावात दर महिन्याला एखादं तरी भेटतं. तिन्ही करून बघितल्यावर माझं उत्तर एवढंच: तुला वेळ कसा मिळतो, तुकड्यांत की सलग?

तुकड्यांत मिळत असेल तर कविता. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, हात कामात असताना गाणी सुचायची. घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. माझ्या बऱ्याच कविता खताच्या बिलामागे आहेत. शेतातल्या पाण्याच्या मोटारीची लाईट रात्री दीडला यायची, तोवर केळीच्या बांधावर दुसरं करणार काय? पण कवितेत एक शब्द चुकला की सगळं गेलं. ‘केळीत वारा सुटला’ असं लिहिलं होतं. आई म्हणाली, “केळीत वारा सुटत नाही रे, फाडतो.” पानांच्या चिंध्या तिने रोज बघितलेल्या. ओळ तिचीच ठेवली.

कथा-कादंबरीला सलग वेळ हवा. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आपल्याला तुरुंग नको, पण दोन महिने हाक मारणारं कुणी नसावं. माझी ऐंशी पानं झाली आणि कापूस वेचणी लागली. परत बसलो तर नायकाच्या काकाला दोन नावं! (आमच्या अहिराणी बोलीत ‘कथा?’ म्हणजे ‘कुठे?’. माझ्या कथेला हाच प्रश्न लागू.)

सदर म्हणजे बुधवारी संध्याकाळी चारशे शब्द, सुचो न सुचो. मानधनात पेट्रोल निघतं. एकदा ऐनवेळी जाहिरात आली आणि शेवटचा परिच्छेद उडाला. मुद्दा नेमका त्यातच होता. तेव्हापासून मुद्दा पहिल्या ओळीत. अहिराणी शब्द तिथे सरळ करून छापतात, याचा राग येतो. कवितेत तोच शब्द ऐटीत बसतो. पण दुसऱ्या दिवशी टपरीवर कुणीतरी भांडायला येतं, हे सुख कवितेत नाही.

एकांकिकेचं म्हणाल तर आधी तालमीला येणारी सहा माणसं जमवा, मग बोलू.

नोकरी-शेती सांभाळणाऱ्याने कवितेची वही आणि एखादं सदर एवढंच धरावं. कादंबरीची घाई नको. माझी ऐंशी पानं कपाटात आहेत. काकाचं नाव तेवढं ठरलंय.