नृत्यासाठी ध्वनी करायचाय? तालमीत बसून की ट्रॅक पाठवून

सांगली-मिरजेत तबल्यावर किंवा पेटीवर हात बसलेली आणि रात्री लॅपटॉपवर आवाजांशी खेळणारी बरीच तरुण मंडळी आहेत. सिनेमा-मालिकांच्या मागे न लागता नृत्यासाठी संगीत आणि ध्वनिरचना करावी, असं त्यातल्या काहींच्या मनात असतं. हे काम दोन तऱ्हांनी होतं. एकात तुम्ही नर्तकांच्या तालमीत बसता आणि संगीत तिथेच घडतं. दुसऱ्यात तुम्ही घरी ट्रॅक तयार करता, पाठवता, आणि नाच त्याच्यावर किंवा त्याच्या शेजारी उभा राहतो. निवड करण्याआधी दोन्ही नीट पाहून घ्या.

पहिल्या तऱ्हेची आपली परंपरा जुनी आहे. नर्तक उदय शंकर यांच्या चमूचे एक संगीतकार होते विष्णुदास शिराळी. पुढे उदय शंकर यांच्या १९४८च्या ‘कल्पना’ या नृत्यपटाचं संगीतही त्यांचंच. त्या चमूत पुष्कळदा आधी हालचाल बसायची आणि मग तिच्यावर संगीत चढायचं. कथकच्या वर्गात लेहरा, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवणारी फिरती धून, धरणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. नर्तिका चक्कर घेण्याआधी श्वास कुठे घेते, तिहाई (तीनदा घेतलेला तुकडा) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना तिचा तोल कुठे असतो, हे नजरेला कळतं आणि हात आपोआप तिकडे वळतो.

तालमीत आणखी एक गोष्ट शिकायला मिळते, ती स्टुडिओत कळत नाही. घुंगरू हेसुद्धा एक वाद्य आहे आणि त्याचा आवाज वरच्या पट्टीत लख्ख असतो. घरी बनवलेल्या ट्रॅकमध्ये त्याच पट्टीत खुळखुळे, झांजा आणि चमकदार सिंथ (इलेक्ट्रॉनिक वाद्याचे सूर) भरलेले असले, की रंगमंचावर घुंगरू बुडून जातात आणि पायांचं सगळं काम वाया जातं. तालमीत बसलेला माणूस ती जागा मोकळी सोडतो. माझ्या मते नृत्याच्या ध्वनिरचनेतली ही पहिली अक्कल.

दुसऱ्या तऱ्हेचं टोक म्हणजे अमेरिकन संगीतकार जॉन केज आणि नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम. या जोडीने संगीत आणि नृत्य वेगवेगळं करायचं ठरवलं. दोघांत ठरायची ती लांबी, म्हणजे किती मिनिटं एवढंच. नर्तक पुष्कळदा ते संगीत पहिल्या प्रयोगालाच ऐकायचे. १९६५च्या ‘व्हेरिएशन्स फाइव्ह’ या त्यांच्या प्रयोगात तर रंगमंचावर अँटेना आणि प्रकाशाला प्रतिसाद देणारे सेल लावले होते. नर्तक हलले की आवाजावर परिणाम व्हायचा. लॅपटॉपवर काम करणाऱ्याला ही वाट फार मोहात पाडते, कारण यात कुणाच्या मात्रांशी बांधून घ्यावं लागत नाही आणि जगातल्या कुठल्याही नृत्यदिग्दर्शकासाठी सांगलीच्या विश्रामबागेतल्या खोलीतून काम करता येतं.

पण केज कुठून आला ते पाहा. १९३८मध्ये तो सिएटलच्या कॉर्निश स्कूलमध्ये नृत्याच्या वर्गाला पियानोची साथ करायला लागला. कनिंगहॅम तिथलाच विद्यार्थी. पुढे सिव्हिला फोर्ट या नर्तिकेसाठी संगीत करायचं होतं आणि मंच इतका लहान, की तालवाद्यांचा ताफा मावेना. मग केजने पियानोच्या तारांत स्क्रू आणि रबरासारख्या वस्तू अडकवल्या आणि एका वाद्यातून अख्खा ताफा काढला. ‘प्रिपेअर्ड पियानो’ जन्मला तो नृत्याच्या एका व्यावहारिक अडचणीतून. नाचापासून संगीत सोडवणारा माणूसही आधी वर्गात घाम गाळून आला होता, आणि म्हणूनच माझा कौल स्पष्ट आहे: सुरुवात तालमीतून करा.

मिरजेची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. सतारमेकर गल्लीत कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो, म्हणजे त्याचा गुंजणारा नाद जुळवतो, तेव्हा घोडी घासून, तारेखाली दोऱ्याचा जीव सरकवत तो एकेक आवाज उघडत नेतो. एकाच तारेतून आधी कोरडा, मग गुंजणारा, मग कंपांनी भरलेला सूर बाहेर येतो. प्रयोगशील संगीतकाराला याहून चांगला कच्चा माल कुठे मिळणार? परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. परदेशी सॅम्पल लायब्ररी, म्हणजे तयार ध्वनींचे संच, कितीही विकत घेतल्या तरी हा आवाज त्यांत सापडायचा नाही.

पैशाचं थोडक्यात. तालमीतल्या साथीला दर वर्गामागे आणि कार्यक्रमामागे मानधन मिळतं. ते लहान असतं, पण महिन्याला हाती येतं. ट्रॅकचे पैसे एकरकमी आणि जास्त, मात्र पुढचं काम कधी येईल याचा भरवसा नाही. दोन्ही सांभाळणारे बहुधा तगतात. ट्रॅकच्या कामात हक्कांकडे दुर्लक्ष करू नका. तुम्ही नोकरीत नसाल, तर कॉपीराइट कायद्यानुसार संगीताचे पहिले मालक सहसा तुम्हीच असता. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. एक पानाचा कागद करून घ्यायला लाजू नका.

शिक्षण हवंच असेल तर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेत ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पदवीनंतर. तिथे यंत्र आणि कान दोन्ही तयार होतात, पण भर सिनेमावर. नृत्य जवळून पाहायचं तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र बरं, कारण संगीत, नृत्य आणि नाटक एकाच आवारात आहेत.

ट्रॅकचीच वाट धरणाऱ्यांनी निदान एक करावं: प्रयोगाच्या सभागृहातल्या तालमीला स्वतः हजर राहावं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे समोरच्या स्पीकरपासून दहा मीटर मागे उभ्या नर्तिकेला ठोका जवळजवळ २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. द्रुत लयीत एवढ्याने पाय आणि ट्रॅक वेगळे पडायला लागतात, आणि दोष नर्तिकेच्या माथी जातो. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात काम असेल तर विंगेत दोन्ही बाजूंना मॉनिटर, म्हणजे कलाकारांना ऐकू यावं म्हणून मंचाकडे तोंड केलेले स्पीकर, लावून मागा, आणि ट्रॅक सुरू करून स्वतः मंचाच्या मागच्या कोपऱ्यात उभे राहून ऐका.