३०१८ डेस्कटॉप सीएनसी, कॉलेजच्या लॅबमध्ये वर्षभर वापरून

नवी मुंबईत एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला शिकवते. गेल्या वर्षी लॅबसाठी ३०१८ सीएनसीची (कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर चालणारं छोटं कोरायचं-कापायचं मशीन) दोन किट घेतली, त्याबद्दल लिहायचं कधीपासून डोक्यात होतं. कापायची जागा साधारण ३०० बाय १८० मिमी, झेडला (वर-खाली) जेमतेम ४५, मशीन टेबलावर मावतं आणि साध्या प्लगवर चालतं.

आमच्याकडे मोठं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन) आहे, पण त्यावर प्रॅक्टिकल म्हणजे वीस पोरं काचेतून बघणार, बटण ऑपरेटर दाबणार आणि जर्नलमध्ये सगळ्यांचा तोच प्रोग्रॅम. टूल आपटलं तर खर्च केवढा, त्यामुळे हात लावू देत नाहीत हेही बरोबरच आहे. या छोट्या मशीनवर बिट (कापायचं टूल) तुटली तर दुसरी लावायची. जी०० (न कापता फुल स्पीडने सरकणं) आणि जी०१ (ठरवलेल्या वेगाने सरळ कापत जाणं) या कमांडमधला फरक व्हायव्यात सगळ्यांना पाठ असतो, पण एका पोराने कटिंगच्या ओळीत जी०० टाकलं आणि बिट फुल स्पीडने एमडीएफमध्ये (लाकडी तंतू दाबून केलेला बोर्ड) घुसून तुटली, तो फरक आता अख्ख्या बॅचला कळलाय.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे यात काही झाकलेलं नाही. कंट्रोलरवर जीआरबीएल आहे, म्हणजे प्रोग्रॅम वाचून मोटर चालवणारं सॉफ्टवेअर, ओपन सोर्स, सगळी सेटिंग समोर. मोटरच्या एका फेऱ्याला २०० स्टेप, ड्रायव्हर प्रत्येकीचे १६ भाग करतो म्हणजे ३२००, स्क्रू एका फेऱ्यात ४ मिमी सरकवतो, म्हणजे मिलिमीटरला ८०० स्टेप. पोरांनी हे आधी वहीत काढलं, मग सेटिंगमध्ये तोच आकडा दिसला तेव्हाचे त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते!! आणि बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नटमधली ढिलाई! जी०२ ने (गोलाईत कापायची कमांड) गोल कापला की जिथे अक्षाची दिशा उलटते तिथे बारीक खाच येते, मग डायल गेज (बारीक अंतर मोजायचं साधन) लावून किती ते मोजायचं. चांगल्या मशीनवर हे दिसतच नाही.

आता खोट. फ्रेम लवचिक आहे, अ‍ॅल्युमिनियमला एका पासला ०.१ मिमीच्या वर गेलं की थरथरतं, स्टीलचं नावच काढू नका. आमच्या मशीनना लिमिट स्विच नव्हते, टोकाला जाऊन मोटर कडकड करायची, ते आम्हीच बसवले. पुढून उघडं असतं, त्यामुळे गॉगल सक्तीचा, शिवाय एमडीएफची धूळ फार उडते म्हणून अ‍ॅक्रिलिकची पेटी करून घेतली.

घेणार असाल तर दोन घ्या, एक बंद पडलं तरी बॅच अडत नाही, आणि ३.१७५ मिमी शँकच्या (पकडायच्या दांड्याच्या) बिट भरपूर आणून ठेवा.